तीन आण्यांत दोन मैल

1913 साली दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'ची रिळं घेऊन सुरतेला पोचले. मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपटाने गर्दी खेचली होती. सुरतेत पहिल्या दिवसाचा गल्ला झाला तीन रुपये. थिएटरवाल्याने हिशेब मांडला. इथले लोक दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघतात, तुम्ही तीन आणे घेता आणि दीड तासात घरी पाठवता, खेळ लांबवा. फाळक्यांनी खेळ आहे तेवढाच ठेवला आणि जाहिरात बदलली. 57,000 छायाचित्रांचा खेळ, पाऊण इंच रुंद आणि दोन मैल लांब चित्र, सगळं मिळून फक्त तीन आणे! सुरत म्हणजे व्यापाऱ्यांचं गाव. तिथल्या माणसाला माल मोजून दाखवला की तो खिशात हात घालतो. गल्ला तीन रुपयांवरून तीनशेवर गेला, असं चित्रपटाचे इतिहासकार सांगतात.

या जाहिरातीतले आकडे मी एकदा कागदावर करून पाहिले. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी 3,700 फूट नोंदलेली आहे. गुणाकार येतो 59,200. म्हणजे छायाचित्रांचा दावा जवळजवळ चोख, उलट थोडा कमीच सांगितलेला. दोन मैल मात्र काही केल्या होत नाहीत. 3,700 फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. वरचा सव्वा मैल दादासाहेबांनी पदरचा जोडलेला दिसतो. आजच्या कायद्यात तो बसला नसता, पण त्याकडे नंतर येऊ.

या जाहिरातीला काही वेगळा खर्च आला नाही. जो कागद छापायचाच होता, त्यावरचा मजकूर तेवढा बदलला. छोट्या धंद्याच्या स्वस्त जाहिरातीबद्दल बोलताना मला नेहमी सुरतेचा हा खेळ आठवतो.

अशा जाहिरातीला अमेरिकेत 'गुरिला मार्केटिंग' म्हणतात. जे कॉनराड लेव्हिन्सन या माणसाने 1984 साली याच नावाचं पुस्तक लिहिलं. तो स्वतः मोठमोठ्या जाहिरात कंपन्यांत मुरलेला, पण पुस्तक लिहिलं ते तिजोरीत खडखडाट असलेल्यांसाठी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पैसा नसेल तर वेळ, कष्ट आणि कल्पना गुंतवा, आणि यश विक्रीवर न मोजता उरलेल्या नफ्यावर मोजा. नावातल्या 'गुरिला'चा माकडाशी संबंध नाही. (ग्राहक खेचायला चक्क माकडाचे मुखवटे घालून नाचणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून सांगितलं.) स्पॅनिश भाषेत 'गेर्रा' म्हणजे युद्ध आणि 'गेरिया' म्हणजे छोटं युद्ध. 1808 मध्ये नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी जे छापे घातले, त्यांच्यामुळे हा शब्द जगभर गेला. आपल्याकडे त्याआधी दीड-दोन शतकं 'गनिमी कावा' रुळलेला होता. मोगलांच्या लेखी मराठे म्हणजे गनीम, शत्रू. शत्रूने ठेवलेलं नाव आपण अभिमानाने मिरवलं.

गनिमी कावा म्हटलं की लोकांना आठवतो तो अचानक पडलेला छापा. पण छापा पडायचा कशाच्या जोरावर? घाट, खिंडी, ओढ्याचं पाणी कधी चढतं, कुठल्या गावात वैरण मिळते, हे माहीत असल्याच्या जोरावर. मोठ्या फौजेकडे तोफा होत्या, वाटा ठाऊक नव्हत्या. दुकानदाराचंही हेच आहे. मोठी कंपनी दूरदर्शनवर, फोनवर, हमरस्त्यावरच्या फलकावर दिसेल. पण शाळा साडेबाराला सुटते आणि आया साडेबाराच्या आधी दहा मिनिटं फाटकाशी उभ्या असतात, हे तिला कुठून कळणार? ते समोरच्या स्टेशनरीवाल्याला कळतं. त्या दहा मिनिटांत वह्यांना कव्हरं घालून देणारा माणूस दुकानाबाहेर बसवला, तर तो कुठल्याही फलकापेक्षा जास्त काम करतो.

दाखवणं हा यातला सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचा मार्ग. पुन्हा फाळकेच. चित्रपट काढायला भांडवल हवं होतं आणि चित्रपट म्हणजे काय हे सावकाराला समजावणार कसं? 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रीकरण करत महिनाभर कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला. मिनिटभराची फिल्म झाली: दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढतो. 'अंकुराची वाढ'. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पानभर अर्ज लिहून जे झालं नसतं ते वाटाण्याने केलं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना हे अवघड गेलं. त्यांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. नांगर पावडरीच्या पुडीसारखा नमुना म्हणून वाटता येत नाही, एकाने घेऊन शेतात चालवून दाखवावा लागतो आणि शेजारच्याने बांधावर उभं राहून पाहावा लागतो. पुढे किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी म्हणून काढलेलं हे छोटं पत्र. त्यातून पुढे 'किर्लोस्कर' मासिक वाढलं आणि मराठी घराघरांत गेलं. कारखान्याच्या जाहिरातीतून वाङ्मयीन मासिक जन्मल्याची उदाहरणं जगात फार नसतील.

तमिळनाडूतल्या चिक शांपूची गोष्ट तर अभ्यासक्रमात घालावी अशी आहे. सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये कडलूरला पंधरा हजार रुपयांवर धंदा सुरू केला. गावोगावच्या लोकांना शांपू माहीतच नव्हता. डोकं साबणाने नाहीतर शिकेकाईने धुवायचं. मग यांची माणसं गावात जायची, एखाद्या मुलाला समोर बसवून त्याचं डोकं शांपूने धुवायची आणि जमलेल्यांना सांगायची, हात लावून बघा, वास घेऊन बघा. मुलाचे केस आणि गावकऱ्यांचे हात, एवढीच सामग्री. त्यापुढची चाल मला जास्त आवडते. कुठल्याही कंपनीच्या रिकाम्या पुड्या आणून द्या आणि चिकची एक पुडी फुकट घ्या, अशी योजना त्यांनी काढली. बड्या कंपन्यांनी जाहिरातीवर पैसे ओतून ज्यांना शांपूची सवय लावली होती, नेमकी तीच माणसं रिकाम्या पुड्या मुठीत धरून चिकच्या दारात आली. ती आल्यावर योजनेत बारीक बदल केला: आता फक्त चिकच्याच पुड्या चालतील. शत्रूच्या दारूगोळ्यावर लढाई करणं म्हणतात ते हेच.

करसनभाई पटेलांची हकिकत बहुतेकांना माहीत असते. 1969 मध्ये अहमदाबादला सरकारी नोकरी सांभाळून सायकलवरून दारोदार धुण्याची पावडर विकणारा रसायनतज्ज्ञ, आणि मुलीच्या नावावरून ठेवलेलं 'निरमा' हे नाव. भाव त्या वेळच्या नामांकित पावडरीच्या साधारण चौथ्या हिश्श्यात. ही हकिकत सांगणारे स्वस्ताईवर थांबतात, पण पटेलांनी सोबत वचन दिलं होतं: कपडे स्वच्छ निघाले नाहीत तर पैसे परत. सायकलवरचा माणूस दर आठवड्याला त्याच गल्लीत येणार, त्यामुळे ते वचन खरं वाटायचं. छापील हमीपत्रापेक्षा ओळखीचा चेहरा बरा, विशेषतः तो पुन्हा दिसणार असेल तर.

आता आपल्या आसपास येऊ. समजा, डोंबिवलीत एक बाई घरून पुरणपोळ्या करून देतात. होळी दहा दिवसांवर आहे आणि हाताशी चार हजार रुपये आहेत. पहिला विचार येतो पत्रकं छापून पेपरात टाकण्याचा. तीन हजार पत्रकं, छपाई आणि पेपरवाल्याचे पैसे धरून चार हजार संपले असं धरू. सकाळी पेपर उघडताना पत्रक खाली पडतं, त्यावर कुणीतरी कांदे चिरतं. आठ फोन आले तरी एका गिऱ्हाइकामागे पाचशे रुपये पडले. त्याच चार हजारांत वीस रुपये खर्चाच्या दोनशे पोळ्या होतात. चार इमारतींत, पन्नास पन्नास घरांत, संध्याकाळी सहानंतर माणसं घरी असताना, स्वतः जाऊन एकेक गरम पोळी द्यायची. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: नाव, फोन, आणि ऑर्डर कुठल्या तारखेपर्यंत घेणार ते. दोनशेतल्या वीस जणांनी ऑर्डर दिली तर गिऱ्हाइकामागे खर्च दोनशेवर आला. शिवाय उरलेल्या एकशे ऐंशींनी पोळी खाल्लेली आहे. पत्रक कुणी खात नाही.

यात अडचण नाही असं नाही. सोसायटीत आत सोडत नाहीत. मग सोसायटीत राहणारी पहिली गिऱ्हाईक हीच वाट. तिला सांगायचं, तुमच्या मजल्यावरच्या चार घरांना तुमच्या हातून द्या. शेजारणीने दिलेली पोळी आणि अनोळखी बाईने दिलेली पोळी यांच्या चवीत फरक असतो, हे कुणीही कबूल करेल.

दुकानाबाहेरच्या पाटीबद्दल पुण्यात राहून काही न लिहिणं अवघड आहे. पुणेरी पाट्यांची चेष्टा होते, फोटो काढून फिरवले जातात. पण फोटोत दुकानाचं नावही येतं. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, त्यावर किती विनोद झाले याला गणती नाही. ते काही कुणी जाहिरात म्हणून ठरवलेलं नव्हतं. तरीही मिठाई न खाणाऱ्यालाही ते नाव पाठ झालं, आणि 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरलं तेव्हा त्याची बातमी झाली. दुकान उघडं आहे ही बातमी व्हायला आधी काही पिढ्या ते नेमाने बंद ठेवावं लागतं, तेव्हा नक्कल करू नका. बोध घ्यायचा असेल तर एवढाच की पाटीवर आपला खरा स्वभाव उतरला की ती लोकांच्या लक्षात राहते. 'उत्कृष्ट सेवा, वाजवी दर' ही पाटी शंभरांपैकी नव्वद दुकानांवर आहे आणि कुणीही ती वाचत नाही. 'पंधरा मिनिटांत पंक्चर काढून देतो, तोवर चहा आमच्याकडून' हे वाचलं जाईल. हमरस्त्यावरचा पंक्चरवाला तर अक्षरंही वापरत नाही. झाडाला जुना टायर टांगतो. टायर दिसला की काम झालं, मग गाडीवाला मराठी असो, तेलुगू असो की पंजाबी.

फोनवरच्या फुकट साधनांचं सगळ्यांनाच माहीत असतं, पण दोन गोष्टी राहून जातात. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करायला पैसे लागत नाहीत. तरी कित्येक दुकानांची वेळ तिथे चुकीची, फोन जुना आणि फोटो कुणा गिऱ्हाइकाने काढलेला अंधारातला. 'माझ्याजवळचं इलेक्ट्रिशियनचं दुकान' असं शोधणारा माणूस त्या क्षणी पैसे खर्चायला तयार बसलेला असतो. त्याला बंद दुकानापाशी पाठवण्यासारखी वाईट जाहिरात नाही. सणाच्या दिवशीची वेळ आदल्या रात्री बदला, एवढं जरी केलं तरी खूप. दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. कित्येक दुकानदार सणाची ऑफर शेकडो जणांना पाठवून वाट बघत बसतात आणि ती पन्नासांच्या पुढे गेलेलीच नसते. म्हणून बिल देताना गिऱ्हाइकाला सेव्ह करायला लावा, आणि त्याला तसं काही कारण द्या. 'हापूसची पेटी आली की पहिला फोटो तुम्हाला' हे कारण चालतं. 'आमच्या ऑफर्ससाठी' हे चालत नाही. रोज सकाळी फुलांचं चित्र आणि सुविचार पाठवणाऱ्या दुकानदाराला लोक कसे गप्प करतात हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्हीही ते केलेलं आहे.

व्हिडिओचं एकच उदाहरण देतो. अमेरिकेच्या युटा राज्यात ब्लेंडटेक नावाची मिक्सर करणारी कंपनी आहे. मिक्सर दणकट, नाव कुणाला माहीत नाही. मालक टॉम डिक्सन पात्यांची परीक्षा घ्यायला त्यात लाकडाचे ठोकळे घालायचा. जाहिरातीचं काम बघायला नवा आलेला माणूस जमिनीवरचा भुसा बघून थबकला. 2006 मध्ये त्याने पन्नास डॉलर खर्चून एक पांढरा डगला, गोट्या, दाताळं वगैरे सामान आणलं आणि मालकाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मिक्सरमध्ये गोट्यांची पूड झाली, दाताळ्याच्या दांड्याचा भुगा झाला. पहिल्या काही दिवसांत हे लाखो लोकांनी पाहिलं. पुढच्या वर्षी नवाकोरा आयफोन त्यात घालून दळला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नवं काहीच रचलं नव्हतं. मालक जे एरवीही करत होता, त्याच्यासमोर फक्त कॅमेरा ठेवला. तुमच्याही दुकानात असं काहीतरी चालू असेल जे तुम्हाला रोजचं आणि बाहेरच्याला नवल वाटणारं आहे. सोनाराच्या दुकानातल्या धुळीतून सोनं वेगळं काढणारा झारेकरी, डोळे मिटून कापडाची जात सांगणारा शिंपी, पाट्यावर एकाच वेळी दोन्ही हातांनी चटणी वाटणारी बाई.

आता जिथे हे अंगाशी येतं त्याबद्दल. 31 जानेवारी 2007 रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात पुलांखाली आणि रस्त्याकडेला लुकलुकत्या दिव्यांच्या पाट्या सापडल्या. त्या होत्या एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीच्या. पोलिसांना वाटलं बॉम्ब आहेत. महामार्ग बंद, नदीतली वाहतूक बंद. अखेर मालिकेमागच्या टर्नर ब्रॉडकास्टिंग या कंपनीने 20 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि तिच्या कार्टून नेटवर्क वाहिनीच्या प्रमुखाने राजीनामा दिला. स्वस्तातली जाहिरात एवढी महाग क्वचितच पडली असेल.

आपल्याकडे बॉम्बचा गैरसमज झाला नाही, तरी कायदा आहे. परवानगीशिवाय भिंतीवर, खांबावर, पुलावर रंगवणं किंवा चिकटवणं 1995 च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियमाखाली गुन्हा ठरतं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन मैल लांब चित्र म्हणायची सोय आता नाही. याच कायद्यात विक्री वाढवण्यासाठी काढलेली सोडत अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरली आहे, तेव्हा दिवाळीचा 'लकी ड्रॉ' जाहीर करण्याआधी वकिलाला विचारा. आणि भाच्यापुतण्यांकडून पाच पाच तारे लिहून घेऊ नका. लोकांना कळतं. एकाच रात्री आलेले अकरा अभिप्राय, सगळ्यांत 'अप्रतिम अनुभव', आणि तोही गॅरेजबद्दल.

एक जागा अशी आहे जिथे माझं मत लोकांना पटत नाही. आषाढीला पालखी मार्गावर चपला शिवून देणारे, दाढी करून देणारे, पाय चेपून देणारे लोक असतात. पैसे घेत नाहीत. अलीकडे तिथे छत्र्या आणि टोप्यांवर नावं छापून वाटणारेही आले आहेत. मोठ्या मेळ्यात आपलं नाव घुसवणं यात नवीन काही नाही. 2013 च्या प्रयागच्या महाकुंभात लाइफबॉयने पंचवीस लाखांवर रोट्यांवर गरम शिक्क्याने हात धुतलेत का असा प्रश्न उमटवला होता, आणि ती कल्पना चांगलीच होती, कारण जेवायच्या क्षणी हात धुण्याचीच आठवण होती. पण तुम्ही चपला शिवून देणार असाल तर फलक लावू नका. फुकट शिवलेल्या चपलेवर दुकानाचं नाव दिसलं की वारकऱ्याला ती सेवा वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटत नाही. जाहिरात करायची तर इतर अकरा महिने आहेत.

राहता राहिला हिशेब. छोट्या धंद्यात जाहिरातीचे पैसे वाया जातात ते बहुतेकदा जाहिरात वाईट म्हणून नव्हे. कुठली लागू पडली हे कुणी लिहूनच ठेवत नाही म्हणून. पोळीबरोबरच्या चिठ्ठ्या एका इमारतीत पिवळ्या कागदावर आणि दुसरीत पांढऱ्या कागदावर द्या. सवलतीसाठी दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द सांगा. महिनाअखेरीस दिसेल की ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त पैसे गेले तिच्यातून तिघेच आले, आणि अर्धी गिऱ्हाइकं समोरच्या केमिस्टने पाठवली. मग त्या केमिस्टकडे पेढे घेऊन जा. त्यासाठी संगणक लागत नाही. गल्ल्याशेजारी एक चाळीस पानी वही ठेवा, आणि उद्या बोहनी करणाऱ्या गिऱ्हाइकाला सुटे परत देताना विचारा, आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं? तो जे सांगेल ते पहिल्या पानावर तारखेसकट लिहा.